हळदीकुंकवाला बोललो ते वहीत कधी येणार? बेळगावच्या वडगावातून आमच्या नगरसेविकेस खुले पत्र

आदरणीय नगरसेविका ताई,

सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. तरी ताईच म्हणते, कारण वॉर्डातल्या सगळ्या बायका तुम्हाला ताई म्हणतात आणि तुम्ही त्या हाकेला ओ देता. हे पत्र घरी आणून द्यायला मला दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या, एवढेच. ते खुले लिहिते आहे, कारण यात माझे एकटीचे गाऱ्हाणे नाही आणि जे मागायचे आहे ते चारचौघींच्या साक्षीने मागावे असे वाटले.

संक्रांतीनंतर देवळाच्या सभागृहात तुम्ही हळदीकुंकू केले, त्या संध्याकाळपासून सुरुवात करते. पन्नास-साठ जणी जमलो होतो. तिळगूळ झाला, वाण झाले, आता निघायचे म्हणून चपला शोधत होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक सून म्हणाली, "ताई, पाणी येतंय खरं रात्री दीडला. उठायचं कुणी?" झाले, सगळ्या परत सतरंजीवर बसल्या. कुणी सांगितले की कोपऱ्यावरच्या चेंबरचे झाकण फुटले आहे आणि पाऊस लागला की ते पाणी थेट उंबऱ्याशी येते. मागावर काम करणाऱ्या दोघी म्हणाल्या, कचऱ्याची गाडी अकराला येते, आम्ही आठलाच कामावर जातो, कचरा ठेवायचा कुठे? शिकवणीहून पोरी परततात त्या वळणावरचा दिवा तीन महिने बंद होता. एका विधवा काकूंची पेन्शन अडली होती, कारण एका कागदावर त्यांचे नाव एका तऱ्हेने लिहिलेले आणि दुसऱ्यावर दुसऱ्या. कन्नड बोलणाऱ्या आमच्या शेजारणीही होत्या. त्या कन्नडमधून बोलल्या, आम्ही मराठीतून, आणि कुणाला कुणाचे समजले नाही असे एकदाही झाले नाही.

हे सगळे 20 मिनिटांत झाले. मी 31 वर्षे मराठी शाळेत शिकवले, पालकसभा कितीतरी घेतल्या. इतक्या नेमक्या तक्रारी इतक्या थोड्या वेळात मी कुठल्याही सभेत ऐकलेल्या नाहीत. तुम्ही खुर्ची सोडून खाली आमच्यात येऊन बसलात, प्रत्येकीला "बघते काकू" म्हणालात. वळणावरचा दिवा चौथ्या दिवशी लागला. त्याबद्दल त्या पोरींच्या आयांनी तुम्हाला दुवा दिला आहे, तो इथे पोचवते.

पण बाकीचे? चेंबर तसेच आहे. गाडी अकरालाच येते. पेन्शनच्या काकू अजून फेऱ्या मारतात. तुम्ही दुर्लक्ष केले असे मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी कुणाच्याही हातात वही नव्हती, एवढीच गोष्ट आहे. साठ जणींचे बोलणे एका माणसाने डोक्यात ठेवायचे म्हटले तर त्यातले एखादे-दुसरेच राहणार.

वॉर्डासाठी तुम्ही पुष्कळ करता, हे डोळ्यांनी पाहिले आहे. नेत्रतपासणी शिबिर झाले, जूनमध्ये मुलांना वह्या मिळाल्या, आषाढात मंगाई देवीच्या यात्रेआधी गटारे साफ झाली, पावडर मारली गेली. यात्रेच्या त्या आठवड्यात आमच्या गल्ल्या कशा दिसतात ते सगळ्या बेळगावने येऊन पाहावे. अशा कार्यक्रमांत आम्ही तुम्ही दिलेले घेतो आणि आनंदाने घेतो. त्या 20 मिनिटांत मात्र आम्हाला काय हवे ते आम्ही सांगितले. मला ती 20 मिनिटे दर महिन्याला हवी आहेत. दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, आणि वहीसकट. या पत्रातली मागणी एवढीच आहे.

नगरसेवक नसला म्हणजे काय होते, हे या शहराइतके कोणाला ठाऊक असेल? 2005 साली आपल्या महानगरपालिकेचे सभागृह बरखास्त झाले, 2011 साली पुन्हा झाले. त्यानंतरच्या सभागृहाची मुदत मार्च 2019 मध्ये संपली आणि निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये. म्हणजे कोरोनाच्या पहिल्या दोन्ही लाटा या शहराने नगरसेवकाविना काढल्या. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या पंचांनी आणि पोरांनी घरोघरी धान्य दिले, औषधे आणून दिली, रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेसाठी फोन केले. सही कुणाची घ्यायची, वर कुणाला सांगायचे, हे मात्र कुणालाच कळत नव्हते. निवडणूक झाल्यावरही महापौर निवडायला फेब्रुवारी 2023 उजाडले. इतकी वर्षे वाट पाहून आम्हाला तुम्ही मिळाला आहात. तुम्ही कुठल्या चिन्हावर उभ्या होता आणि मी कुणाला मत दिले, हे आता बाजूला ठेवू. 58 जणांच्या त्या सभागृहात आमच्या वॉर्डाची एकच खुर्ची आहे आणि त्यावर तुम्ही बसता.

मी मागते आहे ते काही नवे नाही, हेही सांगते. 74 व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे 1993 पासून, तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असल्या पाहिजेत असे घटनेतच आले. 2011 च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती साडेचार लाखांच्या पुढे होती. कर्नाटकच्या महानगरपालिका कायद्यातही वॉर्ड समितीची तरतूद आहे. अध्यक्ष नगरसेवक, सोबत 10 सदस्य, त्यांत किमान 3 महिला, 2 अनुसूचित जाती-जमातींचे, 2 रहिवाशांच्या संघटनांचे. वॉर्डाची कामे सुचवायची, झालेल्या कामांवर नजर ठेवायची, हे त्या समितीचे काम. आमच्या गल्लीत अशी बैठक झालेली मी पाहिली नाही. समिती कागदावर रीतसर व्हावी यासाठी तुम्ही सभागृहात आवाज उठवा, सह्यांचे निवेदन आम्ही देऊ. पण तोवर थांबायचे कशाला? बसण्यापुरता ठराव कुणाला लागतो? सतरंजी आमच्याकडे आहे.

माणसे येतील का, असे तुमच्या मनात येईल. ताई, शिवजयंतीचा चित्ररथ आठवा. महिनाभर आधीपासून कारखान्यातून सुटलेली पोरे रात्री दोन-दोनपर्यंत राबतात. वर्गणीचा हिशेब पैन् पै फळ्यावर लागतो. दिवाळीत पोरे गल्लीगल्लीत किल्ले बांधतात, त्यांना माती कुठून आणायची हे कुणी शिकवावे लागत नाही. बेळगावात सार्वजनिक गणपती 1905 पासून बसतो, तेव्हापासून प्रत्येक गल्लीला मंडळ चालवायची सवय आहे. पंच आहेत, महिला मंडळ आहे, युवक मंडळ आहे. ज्या गल्लीला 11 दिवसांचा उत्सव बिनचूक पार पाडता येतो, तिला महिन्यातून एक तास गटारावर बोलता येणार नाही?

आता एक नाजूक गोष्ट लिहिते, राग मानू नका. तुम्हाला फोन केला की बहुतेक वेळा तो तुमचे यजमान उचलतात. ते भले गृहस्थ आहेत, कुणाला वाईट बोलत नाहीत, त्यांच्या धावपळीमुळे कितीतरी कामे झाली आहेत. पण बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बाईला दिवसभर शौचालयाला जायला जागा नाही, हे ती त्यांना कसे सांगणार? पॅड कचऱ्यात वेगळे कसे द्यायचे, घेणारा माणूस तोंड वाकडे करतो, हे वयात आलेली पोर त्यांना सांगेल का? या राज्यात पालिकांमधल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखल्या, त्या असल्याच गोष्टी बोलायला कुणीतरी असावे म्हणून, असे मी समजते. बैठकीला तुम्ही स्वतः या. यजमानांनाही आणा, पण प्रश्नांची उत्तरे तुमच्या तोंडून येऊ देत.

भाषेचेही बोलले पाहिजे. मागे एका कार्यालयाची सूचना आमच्या गल्लीच्या भिंतीवर लागली, सगळी कन्नडमधून. ज्यांना वाचता येते त्यांनी वाचली. आमच्या समोरच्या आजींना वाटले, मतदार यादीचे काही असेल. दुसऱ्या दिवशी रस्ता उकरला, तीन दिवस पाणी बंद झाले, आणि घरात 84 वर्षांच्या त्या एकट्याच. एकही घागर भरून ठेवलेली नव्हती. कन्नड शिकायला माझी ना नाही. माझी नातवंडे शिकतात, चांगली बोलतात. पण भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण देशात जुने आहे. तुम्ही त्यासाठी भांडाल तर आम्ही पाठीशी आहोत. आणि ते होईपर्यंत महिन्याच्या बैठकीत त्या महिन्याच्या सगळ्या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. दहा मिनिटांचे काम आहे, त्या आजींची तीन दिवसांची तहान वाचेल.

काही गोष्टी वॉर्डात मावणाऱ्या नाहीत, हे मला कळते. राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पाणी कुणाला किती, हे आमच्या सतरंजीवर ठरणार नाही. 2008 पासून शहरातल्या 10 वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना आली आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत राहिले. ते एका नगरसेविकेच्या हातात नाही. पण रात्री दीडऐवजी पहाटे पाचला व्हॉल्व्ह फिरवता येईल का, हे व्हॉल्व्हमनला समोर बसवून विचारता येते. उत्तर नाही असे आले, तरी ते का नाही हे कळेल. तसेच स्वच्छता निरीक्षकाला बोलवा, हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाइनमनला बोलवा. ही माणसे रोज आमच्या दारावरून जातात, त्यांची नावेसुद्धा आम्हाला ठाऊक नाहीत.

सगळ्यात जास्त जिवाला लागते ते बळ्ळारी नाल्याचे. माझे माहेर शेतकऱ्याचे, म्हणून इथे थोडे जास्त लिहिते. शहापूर, वडगाव, अनगोळचे शिवार म्हणजे बासमतीचे शिवार. लहानपणी भात निसवायला लागले की वास रस्त्यापर्यंत यायचा. आता जुलैचा जोर लागला की नाला फुगतो, पाणी बांध ओलांडून शिवारात पसरते आणि आठ-आठ दिवस उतरत नाही. रोप कुजते. पुन्हा रोप आणायचे, पुन्हा माणसे लावायची, तेही उसनवारीने. नाल्यात गाळ आहे, जलपर्णी आहे, आणि खरे सांगायचे तर आमच्याच गल्ल्यांचे सांडपाणी आणि आमच्याच पिशव्या आहेत. गटारात पिशवी टाकणारी बाई आणि शिवारात रोप कुजलेली बाई कधी कधी एकाच घरातल्या जावा-जावा असतात. हे बोलायला जागा हवी. गाळ काढायचा तर मृगाच्या आधी काढायला हवा, म्हणजे मागणी मार्चमध्ये सभागृहात गेली पाहिजे आणि त्यासाठी फेब्रुवारीत आम्ही बसलो पाहिजे. दरवर्षी पाणी भरल्यावर फोटो काढायला माणसे येतात, तेव्हा काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. नाला काही वॉर्डाच्या हद्दी पाहून वाहत नाही. शेजारच्या वॉर्डांचे तिघे-चौघे नगरसेवक एकत्र बसवा. पक्ष वेगळे असतील, असू देत. आमच्या माहितीत त्यातल्या दोघांचे भाताचे खाचर एकाच बांधाला आहे.

वहीचे कसे ते सांगून थांबते. एका बाजूला तारीख, कुणी सांगितले आणि काय. दुसऱ्या बाजूला कुणाकडे दिले आणि काय झाले. पुढच्या महिन्यात बसलो की आधी मागचे पान वाचायचे, मग नवे बोलायचे. झाले नसेल तर "झाले नाही" असेच लिहायचे, त्याला कुणी हसणार नाही. वही देवळात राहील, कुणीही येऊन बघावी. सभागृहात बोलायला उभ्या राहाल तेव्हा ती सोबत न्या. तुमच्या एकटीच्या शब्दामागे साठ सह्या असल्या की अधिकाऱ्यांनाही उत्तर द्यावे लागेल.

दिवस रविवार बरा, दुपारी चारचा. मागवाल्यांना सुट्टी असते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला वेळ असतो. देवळाच्या सभागृहाची किल्ली पंचांकडून मी घेतली आहे. चहा महिला मंडळ करणार. पहिल्या पानावर मी त्या संध्याकाळची यादी आठवून लिहून ठेवली आहे, बारा कलमे झाली. दिव्यासमोर "झाले" असे लिहून तारीख घातली आहे. दुसरे कलम चेंबरचे आहे आणि पाऊस लागायच्या आत ते व्हावे.

कुठला रविवार, एवढे कळवा.

आपली,
तुमच्याच वॉर्डातली एक निवृत्त शिक्षिका
वडगाव, बेळगाव