भूत जोलोकियावाल्या काकूंना

काकू, सा. न.

जोरहाटहून तुम्ही पुडीत बांधून आणलेल्या भूत जोलोकियाच्या, म्हणजे त्या जहाल आसामी मिरचीच्या, बियांबद्दल आभार आहेतच. त्याहून जास्त आभार "हिला लवंगी समजू नका" या वाक्याचे.

लवंगी आठ-दहा दिवसांत उगवते; ही तीन-तीन आठवडे ढिम्म. माणूस धीर सोडून माती उकरतो आणि तिथेच बी वाया जातं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलसर पण चिकचिकीत नाही, ट्रे झड लागणार नाही अशा जागी. नेरुळच्या जूनमध्ये ऊब फुकट मिळते. रोपं मरतात ती बुडाशी कुजून. आणि जूनच का? पारा 35 च्या वर गेला की फुलं गळतात. जूनचं झाड ऑक्टोबर हीट सरल्यावर फुलतं, मिरच्या जानेवारीत लाल होतात. मार्चमध्ये फुलणारं झाड नुसतं शोभेचं.

कुंडी 12 इंची. युरिया नकोच, नाहीतर पानांचं रान माजतं आणि फुलाचा पत्ता नसतो. पानांच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे: लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. खाली वळल्या तर कोळी ही बारीक कीड. तिथे पाण्यात विरघळणारं गंधक 2 ग्रॅम, तेही तेलाच्या फवारणीनंतर पंधरा दिवस सोडून, नाहीतर पानं करपतात.

2007 साली गिनीजने हिला जगात सर्वांत तिखट ठरवलं, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर. तो आकडा ऐकून लोक फक्त पैज लावतात, वास कुणी घेतच नाही! सहा जणांच्या बोंबलाच्या कालवणात एक मिरची, देठासकट, न चिरता, शेवटची चार मिनिटं. मग अलगद बाहेर. रश्श्याला पिकल्या फळासारखा वास येतो. मिरची फुटलीच तर नारळाचं दूध वाढवायचं. चिरायचीच असेल तर हातमोजे, आणि आतला पांढरा गर आधी काढायचा. तिखट तिथे असतं, बियांत नाही. गॅसवर भाजणं मात्र बंदच. ठसक्याने अख्खा मजला खोकतो.

तुमची लोणच्याची बरणी रिकामी कशी परत करायची? आत वीस बिया आहेत. कळीवर मलमलची पिशवी बांधून धरलेल्या फळाच्या, म्हणजे शेजारच्या ढोबळीशी संकर नाही.

तुमची,
गच्चीवरची मंडळी, नेरुळ