तिकांडं कुठं जातं?

बेळगाव तालुका
२ ऑगस्ट

चि. सुमन हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन रोज होतोच, पण फोनवर तू घाईत असतेस आणि मला सुचायला वेळ लागतो. म्हणून लिहायला बसलोय. मे महिन्यात हैदराबादला तू आम्हाला नौबत पहाडावरचं बिर्ला सायन्स सेंटर दाखवलंस, तेव्हा मी गप्प गप्प होतो ते तुला लागलं, असं आई सांगत होती. लागून घेऊ नकोस, बाळ. एक तर गुडघे बोलत होते, आणि दुसरं म्हणजे डोक्यात एक गोष्ट अडकून बसली होती.

पण आधी तिथल्या त्या डायनासोरच्या सांगाड्याचं. कोटासॉरस. तेलंगणातल्या यामनपल्लीला मिळालेल्या डझनभर जनावरांच्या हाडांतून ही जात कळली, पण कवटी एकाचीही मिळाली नाही, मिळाले ते फक्त दोन दात, असं तू सांगितलंस. "मग हे डोकं कुणाचं?" असं आईनं विचारलं. अंदाजानं केलंय म्हटल्यावर तिनं वर बघणंच सोडलं आणि पायाची हाडं तेवढी निरखत बसली. इथं शेजारणींना सांगते, "पाय खरे बघून आले."

गावातल्या रिटायर झालेल्या गुरुजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, एवढ्या लांब कशाला गेलासा? आपल्या गोकाकजवळ गेंडा निघालाय की! खरंच आहे ते. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूगर्भवाल्या साहेबाला तिथं गेंड्याची हाडं सापडली आणि १८७४ साली त्यानं ती छापून जगापुढं मांडली. जातीला नाव काय, तर दख्खनचा गेंडा. मी घटप्रभेच्या काठानं उसाच्या गाड्या नेल्यात, धबधब्यावर तुला खांद्यावर घेऊन फिरवलंय, आणि गेंड्याचा पत्ता नाही! आपल्या विहिरीचा काळा दगडसुद्धा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हेही गुरुजींनीच सांगितलं. तुझ्या आजोबांनी तो सुरुंग लावून फोडला. तुझा कोटासॉरस १६ कोटी वर्षांहून जुना, म्हणजे तो चरत होता तेव्हा हा दगड यायचाच होता.

आता तारांगणाचं. पुढचा खेळ तेलुगूत म्हणून तू हळहळलीस, पण आमचं फार अडलं नाही. पाट्यांवरची निम्मी अक्षरं कन्नडसारखीच, आणि नक्षत्रं, सूर्य, चंद्र, भूमी हे शब्द तिकडंही तेच. खुर्ची मागं कलली तशी आईनं पिशवी पोटाशी घट्ट धरली. अंधार झाला, सप्तर्षी वर आले आणि ती मोठ्यांदा म्हणाली, "अगंबाई, बाजलं!" पुढच्या रांगेतलं पोर वळून बघायला लागलं. तुझ्या आजीनं शिकवलेलं ते: चार खूर म्हातारीच्या बाजल्याचे, मागचे तीन चोर.

मग मृग आला, पोटातल्या तीन ताऱ्यांसकट. आपलं तिकांडं. ते मी पौष-माघात डोक्यावर बघतो, रात्रीची थ्री फेज आली की उसाला पाणी फिरवायला जातो तेव्हा. आणि दिनदर्शिकेतलं मृग नक्षत्र, वाहन कोल्हा की बेडूक ते बघून आपण पावसाचा अंदाज बांधतो, ते लागतं ७-८ जूनला. दोन्ही मृग एकच, हे ठाऊक होतं. पण जूनच्या रात्री तिकांडं कुठं जातं, हा प्रश्न पन्नास पावसाळ्यांत मला एकदाही पडला नव्हता. म्हणून मी गप्प होतो. तुला विचारायची लाज वाटली, हे आता कबूल करतो.

परतीच्या वाटेवर बस विजापूरच्या अलीकडं चहाला थांबली. हॉटेलासमोर मोठा हॅलोजन, त्याच्याभोवती किड्यांचा ढीग. त्याच्याकडं तोंड करून वर बघितलं तर एक चांदणी दिसेना. बसच्या पाठीमागं अंधारात गेलो, आणि आभाळ भरलेलं! तिथंच उकललं. मृग लागला म्हणजे सूर्यच मृगाच्या घरात जाऊन बसला. दिवसा दोघं बरोबर उगवतात, बरोबर मावळतात, मग दिसणार कसा? सत्तावीस नक्षत्रं, वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे सूर्य एकेका घरात तेरा-चौदा दिवस राहतो. हिशेब तिथंच चहाच्या कपावर बोटानं केला. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. बरोबर आहे का ते कळव.

आल्यावर रोहिणीत भाताची धूळवाफ पेरणी, पावसाआधी कोरड्या मातीतली, उरकली. उगवण बरी आहे, खालच्या वाफ्यात पाणी साचून थोडं कुजलं.

सूर्य पुढं सरकला की पहाटे पूर्वेला तिकांडं पुन्हा दिसायला हवं, म्हणून जुलैच्या मध्यापासून रोज साडेचारला परसात जातोय. रोज ढग. आई म्हणते, ह्यांना नवीन नोकरी लागली. परवा मात्र चिंचेच्या शेंड्यावर ढग फाटला आणि तिन्ही तारे ओळीनं, उभे. आईला हाक मारली. ती डोक्यावर पोतं घेऊन बाहेर येईपर्यंत झाकलं गेलं. पाच मिनिटं तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "हैदराबादला बरं होतं, बसून दिसत होतं."

आई आपल्या बेळगावी कुंद्याची मिठाई पाठवतेय, मैत्रिणींना दे.

तुझे,
आप्पा