मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बीपी-शुगरच्या वयस्क रुग्णांना गोळ्या वारांप्रमाणे लावून देण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी निवृत्त औषधनिर्माण अधिकारी आहे. हे नाव पगारपत्रकापुरतं. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात माझी बहुतेक नोकरी गेली आणि तिथं मी कायम ‘गोळ्यावाल्या बाई’च होते. अजूनही लोक पिशवी घेऊन दारात येतात. पिशवी दुधाची, धुऊन वाळवलेली, वर रबर. आत सहा-सात तऱ्हेच्या पट्ट्या. काही अर्ध्या कापलेल्या, काहींचं नाव कात्रीत गेलेलं, एखादीची मुदत कधीच संपलेली. प्रश्न ठरलेला असतो : “ह्यातली कंची कवा घ्यायची?”

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. त्याआधी २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. आशाताई घरोघर जाऊन बीपीवाले शोधतात, उपकेंद्रात मशीन आहे, महिन्याच्या गोळ्या मिळतात. हे सगळं मी आतून पाहिलं आहे, म्हणून उगाच नावं ठेवणार नाही. पण गोळी खिडकीतून बाहेर गेली की आमचं रजिस्टर भरतं आणि आमचं काम संपतं. खिडकीपासून तोंडापर्यंतचा रस्ता कुणाच्याच खात्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्येच सांगून ठेवलं होतं की दीर्घ आजारांची औषधं श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण नीट घेतात. गरीब देशांत त्याहून कमी.

माझीच एक चूक सांगते. एक आजी दर महिन्याला बीपीची ॲम्लोडिपिन न्यायची. पांढरी, गोल. पुढच्या खेपेला साठा दुसऱ्या कंपनीचा आला आणि गोळीचा रंग बदलला. बाजारचा दिवस, खिडकीवर झुंबड. मी म्हणाले, “आजी, तीच आहे.” त्या गोंधळात तिनं ऐकलं, “तीही आहे.” तीन आठवड्यांनी सुनेनं तिला धरूनच आणली. पाय सुजलेले, उठलं की भोवळ. मी विचारलं तर म्हणाली, “जुनी पांढरी बी घेती नि तुमी दिल्याली नवी बी घेती. येक बी चुकवली न्हाई.” सांगितल्याबरहुकूम घेणारी बाई होती ती. घोळ आम्ही घातला होता.

त्याच भागात एका निवृत्त फौजीच्या बायकोनं मला हा विषय शिकवला. फौजीला बीपी, शुगर आणि हृदयाच्या मिळून दिवसाला आठ गोळ्या. तिला वाचता येत नव्हतं. तिनं काय केलं, तर जुना मिसळणाचा डबा काढला. त्यात वाट्या किती? सात. बाहेरच्या सहा वाट्या कामाच्या वारांच्या आणि मधली बाजारच्या वाराची, कारण गोळ्या आणायच्या त्या बाजारादिवशीच. पट्टीतून गोळी सोडवायची नाही, पट्टीच कातरून एकेक घर वेगळं करायचं. सकाळच्या तुकड्याला पांढरा दोरा, रात्रीच्या तुकड्याला काळा. दर बाजारी ती डबा माझ्यासमोर उघडायची. कुठल्या वाटीत काय उरलंय ते दिसायचं, म्हणजे कुठल्या दिवशी काय चुकलं तेही कळायचं. सोमवारची रात्रीची शुगरची गोळी सारखी उरायला लागली, तेव्हा कळलं की फौजीनं सोमवार धरलाय. रात्री जेवण नाही म्हणून तो शुगरची गोळीही ठेवून द्यायचा, डॉक्टरांना न सांगता. त्याचं नशीब बरं. उपाशीपोटी शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेऊन घामाघूम होऊन पडलेलेही मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी मग उपवासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिला. डबा नसता तर हे केस पेपरवर कधी आलंच नसतं. डब्याला हळदीचा वास मात्र शेवटपर्यंत राहिला.

बाजारात प्लास्टिकचे तयार डबे मिळतात, आता मेडिकलवालेही ठेवतात. त्यातल्या बऱ्याच डब्यांवर वार इंग्रजी आद्याक्षरांनी असतात : दोन एस, दोन टी. ज्याला इंग्रजी येतं तोही मंगळवार की गुरुवार म्हणून थबकतो. आपल्या सो, मं, बु, गु, शु, श, र मध्ये हा घोटाळाच नाही, पण तसा डबा मला दुकानात अजून दिसलेला नाही. शिवाय झाकणं इतकी घट्ट की संधिवाताच्या बोटांनी उघडत नाहीत. सैल असतील तर नातवंडं उघडतात, आणि शुगरची एक गोळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मी सरसकट लाखभर डबे खरेदी करून वाटा, असं म्हणत नाही. तसं झालं तर त्यात लवंगा आणि सेफ्टीपिना ठेवल्या जातील.

हे काम आपल्याच विभागाला जमलेलं आहे. कुष्ठरोगाचं पाकीट आठवा. २८ दिवसांच्या गोळ्या एका पत्त्यात, पहिल्या दिवसाचा मोठा डोस वेगळा, तो कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, पुढची घरं दिवसाच्या क्रमानं. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी ती पाकिटं वर्षवर्ष पुरी केली. माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच : २१ पांढऱ्या, ७ लोहाच्या गडद रंगाच्या, म्हणजे पाळीच्या दिवसांतही सवय मोडत नाही. क्षयाच्या गोळ्यांना तर असं पाकीटही लावून पाहिलं की गोळी काढली की आत लपवलेला फोन नंबर दिसतो आणि त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. इतकी अक्कल आपण तिथं लावली. बीपी-शुगरच्या म्हाताऱ्याला मात्र कातरलेली पट्टी आणि “सकाळ-संध्याकाळ एकेक”.

मागणी छोटी आहे. साठीच्या पुढचे आणि रोज चार किंवा जास्त तऱ्हेच्या गोळ्या घेणारे जे रुग्ण आहेत, त्यांना खिशांचं फडकं द्या. भिंतीला टांगायचं, सात ओळी, प्रत्येक ओळीत सकाळ, दुपार, रात्र असे तीन खिसे. एका फडक्याला ब्लाउजपीसएवढं कापड लागतं. ‘उमेद’च्या बचत गटांच्या बाया ते शिवतील. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्या खिशांना बटणं, ज्याला वाचता येत नाही त्याला सूर्य-चंद्र, जो वारीला जातो त्याला घडी घालून कमरेला बांधता येईल असं. पहिली ओळ सोमवारचीच असली पाहिजे असं नाही, त्याच्या गावच्या बाजारापासून सुरू करा. खिशात पट्टीचे तुकडेच ठेवायचे. बीपीची टेल्मिसार्टन, फिटची व्हॅलप्रोएट या गोळ्या उघड्यावर ओल धरतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर काही विचारू नका. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी फडक्यात घालायचीच नाही, ती आपल्या बाटलीत, हाताशी. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट असेल तर ती एकाच ओळीत जाईल. रोज घेतली गेली तर ती जीव घेऊ शकते, निव्वळ त्यासाठीसुद्धा हे फडकं वसूल आहे.

कापडापेक्षा महाग आहेत ती दहा मिनिटं. पहिल्यांदा फडकं भरताना फार्मासिस्ट किंवा उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, रुग्ण, आणि घरात जो गोळ्या बघतो तो, अशी तिघं एकत्र बसली पाहिजेत. त्याआधी बीपी आणि शुगर मोजलेली हवी. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं होतं की गोळ्या चुकवणाऱ्या काही म्हाताऱ्यांना वारांचा डबा दिल्यावर ते आजारीच पडले. कारण सरळ आहे. गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही असं समजून डॉक्टर डोस वाढवत गेलेले, आणि डब्यामुळे तो वाढीव डोस पहिल्यांदाच पोटात गेला. आपल्याकडे हे होणार नाही असं मानायला काही आधार नाही. आधी किती पोटात जातं ते न ओरडता विचारायचं, मग डोस ठरवायचा, मग फडकं.

आणि भरायच्या गोळ्या कमी करता आल्या तर त्याहून बरं. बीपीची दोन औषधं एका गोळीत असलेली जोडगोळी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ पासून आवश्यक औषधांच्या यादीत घेतली आहे. खरेदी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आहे. निविदेत एवढी अट घालता येईल का, की कंपनी बदलली तरी गोळीचा रंग आणि आकार शक्यतो तोच राहील, आणि नाही जमलं तर पट्टीवर मराठीत ठळक अक्षरात औषधाचं नाव असेल, तेही प्रत्येक घरामागे, म्हणजे कात्री लागली तरी नाव शिल्लक राहील?

ज्यानं “बीपी नॉर्मल आलं” म्हणून गोळीच सोडली, त्याला फडक्याचा उपयोग नाही. त्याच्याशी बोलावं लागतं, आणि बोलायला खिडकीवर दुसरं माणूस लागतं. रिक्त पदांबद्दल मी इथं लिहीत नाही, ते पत्र वेगळं होईल.

एक मात्र आपल्या शेजारच्या विभागाच्या कानावर घालाल का? मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना साहित्यासाठी ३००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा, सगळ्यांची नावं यादीत आहेत. त्यात गोळ्यांचा डबा किंवा फडकं हे दोन शब्द वाढवले तर यादी फार लांबणार नाही.

पत्राच्या छापील प्रतीसोबत नमुन्याचं एक फडकं स्पीड पोस्टानं पाठवलं आहे. आमच्या गल्लीतल्या शिवणारीनं शिवलंय. शुक्रवारचा रात्रीचा खिसा थोडा आखूड झालाय, त्यात पट्टीचा तुकडा उभा राहत नाही. पुढच्या फडक्यात तो एक बोट वाढवायला तिला सांगितलं आहे.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
सातारा जिल्हा