पॅरिसचे सेर्नुस्की संग्रहालय का वगळले?

मा. संपादक,

रविवार पुरवणीतील पॅरिसवरचा लेख वाचला. आशियाई कलेसाठी गिमे संग्रहालय पाहा, असे त्यात सुचवले आहे. ते योग्यच, पण आशियाई कलेचे खुद्द पॅरिस शहराच्या मालकीचे सेर्नुस्की संग्रहालय आहे, त्याचा ओझरता उल्लेखही नसावा याचे नवल वाटले. मॉन्सो उद्यानाला लागूनच ते आहे. कायमस्वरूपी संग्रह पाहायला तिकीट नाही, तरी टूरवाले तिकडे फिरकत नाहीत.

ऑन्री सेर्नुस्की मूळचा मिलानचा. १८४८-४९ च्या इटलीतील उठावांत लढला, पुढे फ्रान्समध्ये स्थायिक होऊन बँक व्यवसायात गब्बर झाला. १८७१ ते १८७३ या काळात कलासमीक्षक तेओदोर द्युरेसोबत जपान, चीन पालथे घालून त्याने हजारो वस्तू आणल्या. १८९६ मध्ये तो वारला. राहते घर आणि संग्रह त्याने शहराला देऊन टाकला होता. १८९८ मध्ये संग्रहालय खुले झाले.

मोठ्या दालनातली अमिदा (अमिताभ) बुद्धाची ४.४ मीटर उंचीची कांस्यमूर्ती तोक्योच्या मेगुरो भागातली. मंदिर आगीत गेलेले, मूर्ती उघड्यावर. सेर्नुस्कीने ती विकत घेतली आणि भाग सुटे करून जहाजाने आणली. १८६८ नंतर जपानी सरकारने बौद्ध आणि शिंतो (जपानचा मूळ धर्म) धर्मस्थळे वेगळी केली, बौद्ध मंदिरांचा आधार गेला आणि त्यांच्या चीजवस्तू बाजारात आल्या. खरेदी रीतसर होती, पण विकणाऱ्याची अडचणही तेवढीच खरी होती. प्रवासवर्णनांत हे सहसा येत नाही.

मला विचाराल तर तिथला खरा ऐवज म्हणजे ‘वाघीण’. चीनच्या प्राचीन शांग राजवटीच्या काळातले, जेमतेम ३५ सेंटिमीटर उंचीचे मद्यपात्र. जबडा वासलेल्या वाघिणीला एक माणूस बिलगलेला. हात तिच्या खांद्यांवर, पावले तिच्या पंज्यांवर, मान वळवलेली. ती त्याला गिळते आहे की सांभाळते आहे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. (माझे मत सांभाळण्याच्या बाजूने, एवढ्या निवांत चेहऱ्याने कोण मरतो?) याचे जोडपात्र जपानमध्ये क्योतोला आहे.

भारतीय शिल्पांसाठी मात्र गिमेच गाठावे. सेर्नुस्कीचा भर चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनामवर आहे. पुढील लेखात या संग्रहालयाला दोन ओळी द्याव्यात, आणि ते सोमवारी बंद असते हेही छापावे.

– एक वाचक