आधी चित्र, मग सनावळी

महोदय,
अमेरिकन राज्यक्रांतीचा धडा सनावळीने सुरू करू नये. ५ मार्च १७७० ला बोस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराचे, पॉल रिव्हिअर या तिथल्या कारागिराने छापलेले चित्र चार मुलांत एक असे वाटावे आणि दहा मिनिटे नुसते पाहू द्यावे. शिस्तीत उभे सैनिक, मागे तलवार उगारलेला त्यांचा कॅप्टन प्रेस्टन, कस्टम हाउसवर (जकात कचेरीवर) चक्क 'खाटीकखाना' अशी पाटी! मग प्रेस्टनवरच्या खटल्यातल्या दोन साक्षी द्याव्यात: एक म्हणते प्रेस्टनने हुकूम दिला, दुसरी म्हणते नाही. तो निर्दोष सुटला आणि त्याचे वकीलपत्र पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने घेतले होते, हे शेवटीच सांगावे. निकाल आधी कळला की मुले पुरावा शोधतच नाहीत. 'चित्र खोटे' म्हणून विषय मिटवला, तर ते कोणासाठी छापले हा खरा प्रश्न राहूनच जातो.

– एक इतिहास शिक्षक