पेग, आयलीन आणि नोरा

प्रिय शुभे,

परवा फोनवर अर्धवट राहिलं ते आज नीट लिहिते. रविवारी आम्ही कॉर्कहून पार आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, डिंगल द्वीपकल्पावरच्या डनक्विन गावाला जाऊन आलो. तिथल्या कब्रस्तानात पेग सेयर्स या गोष्टी सांगणाऱ्या बाईची कबर आहे, समोर नुसता समुद्र आणि त्यात ते ग्रेट ब्लास्केट बेट, जिथे ती लग्न होऊन गेली आणि पन्नासेक वर्षं राहिली. आता बेटावर वस्ती नाही, १९५३ साली सरकारनं राहिलेल्या माणसांना इकडे आणलं.

पेग १८७३ची. बोलायची आयरिश, पण शाळेत शिकवलं इंग्रजी, त्यामुळे स्वतःची भाषाच तिला लिहिता यायची नाही. गोष्टी मात्र वडिलांच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ. पुढे लोककथा गोळा करणारा सरकारी माणूस मेणाच्या नळीवर आवाज उतरवणारं मशीन घेऊन तिच्याकडे यायला लागला आणि तिच्या एकटीकडून साडेतीनशेच्या आसपास गोष्टी मिळाल्या गं! आणि हे कुठल्या समाजात, तर जुन्या दंतकथांतल्या फिआना वीरांच्या लांबलचक कथा म्हणजे पुरुषांचं काम, बाईनं त्या सांगणं म्हणजे कोंबडीनं आरवणं, अशी तिकडे चक्क म्हणच आहे.

तिचं आत्मचरित्र १९३६ला आलं, तिनं सांगितलं आणि मुलानं लिहून घेतलं. त्यात एक जागा आहे, तिचा तरुण मुलगा टॉमस कड्यावरून पडून जातो आणि त्याचं फुटलेलं डोकं ती स्वतःच्या हातानं धुते, नीट करते. मी ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं, दोन दिवस परत उघडलं नाही. इथल्या कित्येक पिढ्यांना हे पुस्तक शाळेत सक्तीचं होतं, आम्ही उतरलो त्या घरच्या आजी म्हणाल्या, सोळाव्या वर्षी मला पेगचा नुसता राग यायचा, स्वतःची पोरं झाल्यावर कळली.

आता आयलीनचं सांगते. १७७३ साल, कॅथलिक माणसाला पाच पौंडांवरचा घोडा बाळगायला कायद्यानं बंदी, कुणी प्रोटेस्टंटानं पाच पौंड पुढे केले की घोडा देऊन टाकायचा. आयलीनचा नवरा आर्ट ओ'लिअरी, त्यानं आपली घोडी दिली नाही आणि त्याला गोळ्या घातल्या. घोडी रिकाम्या खोगिरानं घरी आली, लगाम जमिनीवर लोळतोय, अंगावर रक्त. आयलीननं तीन उड्या मारल्या, एक उंबऱ्यावर, दुसरी फाटकावर, तिसरी थेट घोडीवर. नवऱ्याच्या प्रेतापाशी पोचली आणि त्याचं रक्त ओंजळीनं प्यायली. हे सगळं तिच्याच विलापगीतात आहे, आणि ते गीत तिनं कागदावर लिहिलेलं नाही, तोंडानं म्हटलेलं.

मग आपल्यापर्यंत आलं कसं? मला खरं तर हेच तुला सांगायचं होतं. कॉर्ककडच्याच मिलस्ट्रीट गावाच्या बाजूला नोरा सिंगलटन नावाची बाई होती, मयताच्या घरी जाऊन रडगाणी म्हणणं हाच तिचा धंदा. तिला ते पाठ होतं, १८००च्या आसपास तिच्याकडून कुणीतरी लिहून घेतलं. आयलीनचं नाव इथे सगळ्यांना माहीत, पण नोराचं मी विचारलं त्या चार जणांतल्या एकालाही माहीत नव्हतं, मला फार लागलं ते. तिनं नुसती घोकंपट्टी केली असेल असं मला वाटतच नाही, इतक्या मयतांना रडलेली बाई, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे तिचंही असणार ना त्यात?

आणि जुन्या आयरिश पुराणकथेतली माखा! नवऱ्यानं जत्रेत फुशारकी मारली की माझी बायको राजाच्या घोड्यांपेक्षा जोरात पळते, म्हणून दिवस भरलेल्या बाईला पळवलं. ती म्हणत होती, बाळंतपण होईपर्यंत थांबा, तुम्हालाही आईनंच जन्म दिलाय. कुणी ऐकलं नाही. ती जिंकली, शेवटच्या रेषेवर जुळी झाली, आणि तिनं अल्स्टरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या त्या राज्याच्या, पुरुषांना शाप दिला की ऐन गरजेच्या वेळी तुम्हाला बाळंतवेणा येतील, नऊ पिढ्या. म्हणून तर पुढे शत्रूची राणी मेव्ह फौज घेऊन आली तेव्हा अल्स्टरचे सगळे वीर वेणांनी आडवे आणि त्यांचा तो प्रसिद्ध वीर कूहुलिन एकटा लढतोय. त्याचं शौर्य सगळे सांगतात, त्याच्या आधीची ही गोष्ट मी इथे येईपर्यंत ऐकलीच नव्हती.

पुढच्या महिन्यात मिलस्ट्रीटला जायचंय, नोराबद्दल तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारीन. तुझा व्हिसा झाला असेल तर तोवर ये, दोघी मिळून जाऊ.

तुझी,
मीनू