माकड कुठे आहे, हे सांगत राहिलेल्या मावशींना

प्रिय मावशी,
सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘थांब, चहा टाकते’ म्हणत आत निघून जाता, म्हणून पत्र लिहितेय. आणि उघड लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते कसं करायचं असतं, हे आणखी चारजणांना कळायला हवं.

फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’ ही तीन कादंबऱ्यांची मालिका मला किती प्रिय आहे, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. त्यातली पहिली, ‘नॉर्दर्न लाइट्स’, १९९५ची. दृष्टी गेल्यावर मी ती ऐकली. निवेदन खुद्द पुलमन यांच्या आवाजात आणि पात्रांसाठी वेगवेगळे कलाकार. त्या जगात माणसाचा जीव त्याच्या शरीराबाहेर असतो, प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. त्याला डीमन म्हणतात. लहान मुलांचे डीमन सारखी रूपं बदलतात आणि मूल वयात आलं की एकच रूप कायमचं ठरतं. कादंबरीच्या सुरुवातीला तिची नायिका लायरा कॉलेजातल्या वडीलधाऱ्यांच्या दालनात चोरपावलांनी शिरते, तेव्हा तिचा डीमन पॅन पतंग झालेला असतो. कादंबरीत हे वाक्यातून कळतं. पडद्यावर मात्र ते मुकाट घडून जातं.

म्हणूनच बीबीसी आणि एचबीओची मालिका २०१९मध्ये आली तेव्हा मी ती लावलीच नाही. दृश्याचं वर्णन ऐकवणाऱ्या ऑडिओची सोय मला आमच्या ॲपवर मिळाली नाही. घरच्यांना विचारलं की ते निकाल सांगतात, ‘बाई दुष्ट आहे’, ‘भारी सीन होता’. निकाल माझा मला लावता येतो. मला हवं असतं ते समोर काय चाललंय ते.

तुमची पद्धत मला आधीपासून ठाऊक होती. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे खाडीवर रोहित पक्षी उतरले की तुम्ही मला सोबत नेता. तिथे तुम्ही ‘किती सुंदर!’ म्हणत नाही. ‘भरती चढतेय, सगळे काठाकडे सरकलेत, पिल्लं अजून राखाडीच आहेत’ असं सांगता. या मालिकेबद्दल तुम्हाला विचारायचं धाडस मला त्यामुळेच झालं.

पहिल्याच दृश्यात मला पाणी आणि हेलिकॉप्टर ऐकू आलं आणि मी गोंधळले, कारण कादंबरी अशी सुरू होत नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘गावात पूर आलाय. एक माणूस तान्हं बाळ घेऊन पाण्यातून चाललाय.’ झालं, मला जागा सापडली. हा पूर पुलमन यांच्या नंतरच्या ‘ला बेल सॉव्हाज’ या पुस्तकातला, इथे त्यांनी तो सुरुवातीलाच आणलाय.

आता कथेतल्या खलनायिकेच्या, मिसेस कोल्टरच्या सोनेरी माकडाबद्दल. ते तिचा डीमन. पुस्तकात त्याला नाव नाही आणि ते कधी बोलत नाही. मालिकेतही ते बोलत नाही. म्हणजे माझ्यासारखीसाठी ते नसल्यातच जमा. ती भूमिका करणाऱ्या रूथ विल्सन यांचा मऊ, तोललेला आवाज मला ऐकू येत होता. पण अर्धी मिसेस कोल्टर त्या माकडात आहे आणि तो अर्धा भाग मला तुमच्याकडून मिळाला. ‘माकड दाराशी बसलंय.’ ‘बाई हसतायत, माकड हसत नाही.’ ते पॅनवर झडप घालतं त्या प्रसंगात लायरा कळवळत होती आणि तुम्ही एवढंच म्हणालात, ‘माकडाने त्याला खाली दाबलंय. बाईंनी हातही लावलेला नाही.’ माझ्या अंगावर काटा आला. (चित्रीकरणात नटांसमोर कठपुतळ्या धरत आणि प्राणी नंतर संगणकावर चढवत, हे मी तुम्हाला मागाहून सांगितलं तेव्हा तुमचा विश्वास बसेना.)

पण हे पत्र खरं तर एका वाक्यासाठी आहे. उत्तरेच्या बर्फात लायराला हरवलेला मुलगा सापडतो. कादंबरीत तो टोनी मकारिओस आहे, मालिकेत बिली कोस्टा. त्याला त्याच्या डीमनपासून कापून वेगळं केलेलं असतं. तोवर तुम्ही प्रत्येक माणसाबरोबर त्याचा प्राणी सांगत आला होतात, न चुकता. त्या झोपडीत वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही थांबलात. मग म्हणालात, ‘मुलगा बसलाय. त्याच्याजवळ कुणी नाही.’

तुम्ही पुस्तक वाचलेलं नाही. पुढे काय येणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तरी नेमकं जे नाही तेच तुम्ही सांगितलंत. पडद्यावर तिथे काहीही असो, माझा तो प्रसंग त्या दोन वाक्यांत पूर्ण झाला. त्यानंतर तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, त्याबद्दलही मनापासून आभार.

माझी लायरा अजून माझीच आहे, मावशी. तिचा चेहरा तुम्ही मला सांगितला नाहीत आणि मीही विचारला नाही. हे आपल्यात न ठरवता ठरलं.

आता शेवटचा भाग उरलाय. त्यात पॅनचं रूप कायमचं ठरतं. तो कोणता प्राणी होतो हे मला माहीत आहे, तुम्हाला नाही. तो समोर आला की घाई करू नका. हवं तर तिथे थांबवू. कान, शेपूट, रंग, लायराच्या अंगाखांद्यावर तो कुठे बसतो, सगळं सावकाश सांगा.

तुमची शेजारीण,
नेरुळ, नवी मुंबई